दार वारंवार उघडले जात असे

कूलरची टाकी भरायला अकरा बादल्या लागतात. बारावी ओतली की पाणी फरशीवर येतं.

मेंढीला आंत्रविषाराची लस कातडीखाली द्यायची. चिमटीनं कातडी उचलायची, सुई आडवी घालायची. माणसाला इन्सुलिनही तशीच देतात.

परंड्याहून माकणीला जायचं तर बार्शीला उतरा, धाराशिवला उतरा, लोहाऱ्याला उतरा.

"आई, मोठ्या माणसांना पण नापास करतात?" समृद्धी, इयत्ता चौथी.

ब अधिक, ब, ब उणे. हे रक्तगट नाहीत.

'सदर' या शब्दानं सुरू होणाऱ्या वाक्यात खोटं सहसा नसतं.

हे सगळे तुकडे मंजुषाच्या डोक्यात असेच सुटे पडलेले असतात. जोडायला घेतले की एक तुकडा उरतो. तो कुठं बसतो ते तिला ठाऊक आहे, म्हणून ती जोडायला घेतच नाही. आपण घेऊ.

*

शुक्रवारपासून. धुळवडीच्या आधीचा शुक्रवार.

माकणीच्या रस्त्यावर, धरणाच्या अलीकडं एक गाव आहे, तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात मंजुषा पशुधन पर्यवेक्षक होती. गावात तिला डॉक्टरीणबाई म्हणायचे. नवरा बालाजी उमरग्याला शिक्षक, मुलगी तिकडंच शाळेत. मंजुषा आठवडाभर दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये राहायची आणि शनिवारी उमरग्याची गाडी धरायची. सहा वर्षं असं चाललं होतं. पदोन्नती झाली की उमरग्यात जागा मिळण्यासारखी होती, आणि पदोन्नतीच्या यादीत तिचं नाव वर सरकत आलं होतं. म्हणजे तिला हवं होतं ते काही फार मोठं नव्हतं. रोज संध्याकाळी घरी जाता यावं, एवढंच.

दवाखान्यात तिच्याखेरीज एकच माणूस. परिचर बब्रुवान. चोपन्न वर्षांचा, धनगराच्या घरचा, मेंढरात वाढलेला. अंगावर येणारा बैल त्याच्या एका 'हो हो' वर थांबायचा. मंजुषा त्याला मामा म्हणायची, तो तिला म्याडम. त्याची बायको अयोध्याबाई. साखरेच्या आजारानं तिची नजर जवळजवळ गेली होती. बब्रुवान रोज दुपारी घरी जाऊन तिला इन्सुलिनची सुई टोचायचा, भाकरी कुस्करून ताटात द्यायचा आणि पाऊण तासात परत यायचा. घरी फ्रिज नव्हता. दवाखान्यात लसीचा होता.

"मामा, बाटली माठात कशाला ठेवता? इथं खालच्या कप्प्यात ठेवा की," हे मंजुषानंच सांगितलं होतं, दोन उन्हाळ्यांपूर्वी. नियमात ते बसत नव्हतं. तिला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. सुट्टी जोडून आली की तो बाटली घरी न्यायचा आणि माठात ठेवायचा. त्या शुक्रवारी दुपारीच त्यानं ती नेली, कारण पुढं शनिवार, रविवार आणि धुळवड. तीन दिवस दवाखान्याला कुलूप.

ती घेऊन तो गेला, परत आला, आणि दोन वाजता तालुक्याचे साहेब आले. डॉ. अमरनाथ बिराजदार. मार्चअखेरची तपासणी. माणूस घामानं भिजलेला, रुमाल मानेभोवती.

"अरे बब्रू, तो कूलर काय शोभेला ठेवलाय?"

"साहेब, त्या पॉइंटला फ्रिज हाय."

"दुसरा पॉइंट?"

"जळालाय साहेब. दोन वर्सं झाली."

दुसऱ्या पॉइंटबद्दल मंजुषानं तीन पत्रं दिली होती. तिन्हींच्या पोच तिच्या फाइलीत होत्या.

"अर्धा तास फ्रिज बंद राहिला तर लस काय रडायला बसणार आहे? लाव."

बब्रुवाननं मंजुषाकडं पाहिलं. मंजुषानं मान हलवली. म्हणजे, लावा.

साहेबांनी रजिस्टरं पाहिली, सह्या केल्या, कूलरसमोर खुर्ची ओढून ताक प्यायले. चार वाजता वीज गेली. कूलर आपोआप थांबला, कुणाला हात लावावा लागला नाही. साहेब उठले. त्यांची गाडी वळते न वळते तोच दारात पोट फुगलेला बैल आला. दोघांचे दीड तास त्यात गेले. हात धुतले, कुलूप लावलं, दोघं आपापल्या वाटेनं गेली.

मंगळवारी कुलूप काढताना आतून आवाज येत होता. कूलर चालू होता. वीज शुक्रवारीच कधीतरी आली असणार, आणि तीन दिवस तो कोरड्या टाकीवर, रिकाम्या खोलीत, एकटाच गरम वारा घालत होता. फ्रिजमधला काटा तेहतीसवर. एक हजार आठशे डोस.

"म्याडम," बब्रुवान म्हणाला आणि फ्रिजचा खाली लोंबणारा प्लग त्यानं उचलून दाखवला.

मंजुषानं साहेबांना फोन लावला. तिनं लपवलं नाही. "साहेब, शुक्रवारी कूलरसाठी प्लग काढला होता, तो तसाच राहिला."

"कोणी काढला?"

"तुम्ही म्हणालात म्हणून..."

"मॅडम, मी फ्रिज बंद करा असं म्हणालो का? शब्द जपून वापरा."

त्यानंतर साहेब काहीच बोलले नाहीत. एप्रिलमध्ये नाही, मेमध्ये नाही. मंजुषाला वाटलं, मिटलं.

*

ऑगस्टमध्ये बंद पाकीट आलं. वर 'गोपनीय'.

वर्षाच्या कामाचा अहवाल साहेब लिहितात. चांगला असेल तर त्याची कुणी आठवणही काढत नाही. प्रतिकूल असला तरच कळवतात आणि वर उत्तर द्यायला महिना देतात. मंजुषाच्या अठरा वर्षांच्या नोकरीत असं पाकीट पहिल्यांदा आलं होतं. आत तीन ओळी.

लस साठवणुकीत अक्षम्य हलगर्जी.
वरिष्ठांशी वर्तन उद्धट.
प्रतवारी : ब उणे.

ब उणे म्हणजे यादीतून नाव खाली. म्हणजे उमरगा नाही. ते पाकीट घेऊन ती शनिवारी घरी गेली, तेव्हाच समृद्धीनं नापासाचं विचारलं. बालाजी म्हणाला, "लिही. जे झालं तेच लिही. तुझ्याकडं पोच आहेत."

तिनं लिहिलं. पहिला मसुदा:

'दि. २२ मार्च रोजी तपासणीच्या वेळी मा. साहेबांच्या तोंडी सूचनेनुसार फ्रिजचा प्लग काढून त्या जागी कूलर...'

खोडलं. दुसरा:

'तपासणीच्या वेळी उष्म्यामुळे कूलर लावणे आवश्यक झाल्याने...'

आवश्यक कुणाला? खोडलं. तिसरा:

'विद्युत पॉइंट नादुरुस्त असल्याबाबत वेळोवेळी कळविले असून...'

हा बरा होता, पण अर्ध्यावरच संपत होता. नादुरुस्त पॉइंटमुळं दोन वर्षं काही झालं नाही, मग त्याच दिवशी का झालं? ह्याचं उत्तर लिहायचं म्हटलं की पुन्हा कूलर यायचा, आणि कूलरपाठोपाठ साहेब यायचे.

तेव्हा कुणीतरी लोहाऱ्याच्या अण्णाराव काकांचं नाव सांगितलं. जिल्हा परिषदेत आस्थापनेला बत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस. लोकांच्या नोटिसांची उत्तरं लिहून द्यायचे, बदल्यात काही घ्यायचे नाहीत, फक्त सगळी हकीकत ऐकायचे. हकीकतीचा त्यांना नाद होता. मंजुषानं ओसरीवर बसून सगळं सांगितलं. शुक्रवार, ताक, बैल, कूलर. बोलण्याच्या ओघात इन्सुलिनही सांगितली. बब्रुवान मामा किती करतो बायकोचं, असं कौतुकानं सांगितलं.

अण्णारावांनी तिचा पहिला मसुदा वाचला आणि चष्मा काढला.

"बाई, हे कुणाकडं जाणार?"

"जिल्ह्याच्या साहेबांकडं."

"जिल्ह्याचे साहेब आन तुमचे साहेब एकाच गाडीतनं मीटिंगला जातेत. तुमचा कूलर त्या गाडीतच बंद पडंल."

मंजुषाला हसू आलं.

"हसू नका. फ्रिज गरम झाला, हे तर खरं? मग कागदावर त्याला कारण लागतं. कूलर काढून घेतला की तिथं खड्डा ऱ्हातो. त्यात काय तरी भरावं लागंल. त्या फ्रिजला हात कोण लावतं? तुमी सोडून?"

अण्णाराव थांबून राहिले. नोटिसांची उत्तरं लिहिणाऱ्या माणसाला थांबून राहणं चांगलं जमतं.

"पण काका, ते कारण नाही. तीन दिवस तर दार उघडलंच नव्हतं. बाटली त्यानं आधीच नेली होती."

"म्या कुठं म्हणलं कारण हाय म्हणून? तुमी बी म्हणू नका. औषध ठेवत हुता का न्हाय?"

"होता."

"दार उघडत हुता का न्हाय?"

"हो."

"मग तेवढंच लिवा. वाचणारा जोडून घेतो."

त्यांनीच ते वाक्य सांगितलं आणि मंजुषानं तिच्या वळणदार अक्षरात उतरवलं: 'सदर फ्रिजमध्ये परिचर यांची खासगी औषधे ठेवलेली असत व त्याकरिता दार वारंवार उघडले जात असे.' वर पॉइंटची तीन पत्रं, खाली अठरा वर्षांची स्वच्छ सेवा, आणि मध्ये हे. उद्धटपणाबद्दल 'गैरसमज झाला असल्यास दिलगीर आहे'. सगळं मिळून दीड पान. एकही ओळ खोटी नाही.

बालाजीनं ते दोनदा वाचलं.

"यात कूलर कुठाय?"

"नाही."

"मामाचं लिहिलंस?"

"नाव नाही लिहिलं."

"परिचर किती आहेत तिथं?"

बालाजीनं कागद टेबलावर ठेवला आणि समृद्धीचं कंपासपेटीचं झाकण कुठं गेलं ते शोधायला लागला. तो आणखी एखादं वाक्य बोलला असता तर, असं मंजुषाला पुढं पुष्कळदा वाटलं. पण ते वाक्य बोलायचं काम त्याचं नव्हतं, हेही तिला कळत होतं.

सोमवारी ती रजा टाकून धाराशिवला गेली. आवक टेबलावरच्या माणसानं शिक्का मारायच्या आधी विचारलं, "जोडपत्रं मोजली का? नंतर मागं घेता येत नाही." तिनं मोजली. शिक्का पडला.

*

बब्रुवानची नोटीस ऑक्टोबरात आली. शासकीय फ्रिजमध्ये खासगी औषधे ठेवून लसीच्या नुकसानीस कारणीभूत ठरल्याबद्दल सात दिवसांत खुलासा करावा.

दुपारचं घरचं उरकून तो आला तो सरळ तिच्या टेबलाशी. कागद चार घड्यांचा.

"म्याडम, हे बगा काय आलंय. कुणी कळवलं आसंल हो? भायेरचं तर कुणी फ्रिजपतूर येत न्हाय."

"तपासणीत निघतं असं काही," मंजुषा म्हणाली.

ह्या सगळ्या प्रकरणात ती जे पहिलं उघड खोटं बोलली, ते हे.

"निघू दे. निघालं तर निघालं," तो म्हणाला. "तुमीच लिवा आता. तुमचं लिवनं चांगलं. तुमी आपलं लिवलं न्हवं का, तसंच माजं बी लिवून टाका."

तिनं कोरा कागद घेतला. बाहेर एका म्हातारीची शेळी खुंट्याला बांधलेली होती, ती ओरडत होती. बब्रुवान खिडकीतूनच तिला म्हणाला, "आलो गं बाई, थांब जरा, म्याडम माजी नोकरी वाचवायलीय."

मंजुषाच्या पुढं तेव्हा दोन कागद होते, खरं तर. एक टेबलावर, एक धाराशिवला. टेबलावरच्या कागदावर प्लग लिहिला असता तर धाराशिवच्या कागदावर तो का नाही, हे कुणीही विचारलं असतं. औषध ठेवायची परवानगी कुणी दिली हे लिहिलं असतं तर पुढचं सगळंच विचारलं असतं. तिला वाटलं, माफी मागितली की ताकीद देतात आणि फाइल बंद करतात. असं तिनं पाहिलं होतं, दोन-तीनदा. असं तिला वाटायला हवंही होतं.

'उपरोक्त बाब अनवधानाने घडली असून सदर चूक मला मान्य आहे. यापुढे असे घडणार नाही. क्षमा असावी.'

तिनं वाचून दाखवलं.

"माफी मागायची व्हय?"

"मागितली की मिटतं, मामा."

"मिटत आसंल तर मागू की." त्यानं पूर्ण नावानिशी सही केली. पेनाला टोपण लावून पेन तिच्या डबीत ठेवलं आणि शेळीकडं गेला.

डिसेंबरात दोन पत्रं एकाच टपालानं आली. जावक क्रमांक लागोपाठचे होते. पहिलं मंजुषाचं: अभिवेदन अंशतः मान्य, प्रतवारी ब उणे ऐवजी ब अधिक, 'उद्धट' हा शेरा वगळण्यात येत आहे. दुसरं बब्रुवानचं: परिचराने चूक मान्य केली असल्याने प्रशासकीय कारणास्तव बदली, परंडा.

तिचं पत्र आधी त्यानंच वाचलं, कारण टपाल तोच फोडायचा. "म्याडम, तुमचं झालं!" असं तो ओरडला, आणि तसाच हसत त्यानं दुसरं पत्र उघडलं.

*

नवीन पॉइंट जानेवारीत बसला. अर्ज न करता.

बब्रुवानच्या जागी कुणी आलं नाही.

मंजुषाची पदोन्नती जूनमध्ये झाली, उमरग्याला. आता ती रोज संध्याकाळी घरी असते. समृद्धी सातच्या सुमारास पाढे म्हणते. बालाजी चहा करतो. तिला हवं होतं ते हेच, आणि ते जसं हवं होतं तसंच मिळालं आहे.

*

गेल्या फेब्रुवारीत तिनं एक दिवसाची रजा टाकली आणि परंड्याला गेली. घरी सांगितलं, ट्रेनिंग आहे. एसटीत बसल्या बसल्या ती एक वाक्य घोळवत होती. 'मामा, ते मी लिहिलं होतं.' चार शब्द आणि एक हाक. धाराशिवपर्यंत ते मोठ्यानं म्हणता येईल असं वाटत होतं. बार्शीनंतर ते लहान होत गेलं.

बब्रुवान दवाखान्याच्या आवारात एका बोकडाची शिंगं धरून उभा होता. तिला पाहिलं आणि बोकड सोडूनच दिला. मालक शिव्या देत बोकडामागं धावला.

"म्याडम! आन ते बी न कळवता? चला, घरी चला. अयोध्या रोज नाव काढती."

खोली किल्ल्याच्या अंगाला होती, चांगली वीस मिनिटांची वाट. जाताना तो सांगत होता, इथं दुपारी जाऊन यायला जमत नाही. मोठे साहेब चांगले आहेत, पण पाऊण तास म्हणजे पाऊण तास. म्हणून तो सकाळीच सुई देतो, दुपारचा डबा तिच्या हाताशी ठेवतो.

"ती आता आंदाजानं खाती. कवा खाती, कवा इसरती. गेल्या महिन्यात साखर लई खाली गेली हुती. शेजारच्या कमलबाईनं बगितलं म्हणून बरं. कमलबाईला दर बारीला इनवावं लागतं, पर देवमाणूस."

अयोध्याबाई दाराशीच बसली होती. चाहूल लागली तशी तिनं मान वळवली, पण चेहरा जरासा चुकीच्या दिशेला.

"कोन?"

"मी, मंजुषा."

"डॉक्टरीणबाई व्हय? वाळल्या की वो. आवाजानंच कळायलंय."

बब्रुवाननं चहा केला. अयोध्याबाईला बशीत ओतून, फुंकून दिला. मंजुषानं कप खाली ठेवला.

"मामा, ते फ्रिजचं..."

"आवो, हितं बी फ्रिज हाय न हितं बी कूलर हाय!" तो मांडीवर हात मारून हसला. "पर म्या आल्या दिवशीच साहेबाला सांगून टाकलं. काय बी काम सांगा, शेण काडतो, बैल पाडतो, पर प्लगला हात लावणार न्हाय. मेमो देऊन टाका! तवापसनं समदे मला प्लगवाला म्हनतेत."

अयोध्याबाईही हसली. मंजुषाही हसली. हसली नसती तर कदाचित पुढचं बोलता आलं असतं. हसून झाल्यावर ते वाक्य कुठून सुरू करायचं हेच तिला सापडेना.

"तुमचं काम झालं ना पर?" त्यानं विचारलं. "घरी ऱ्हाताव आता?"

"हो."

"मंग झालं तर."

तो तिला स्टँडवर सोडायला आला. बार्शीची गाडी लागताच खिडकीतून रुमाल टाकून त्यानं जागा धरली. गर्दी उतरेपर्यंत खाली उभा राहिला आणि कंडक्टरला म्हणाला, "आमच्या म्याडम हायेत. धाराशिवची गाडी लावून द्या बरं का बार्शीला." गाडी हलली तेव्हा तिनं काच खाली केली. "मामा," ती म्हणाली. इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू आलं नसावं. त्यानं हात वर केला आणि तो वळून चालायला लागला. अडीच वाजून गेले होते, त्याला दवाखान्यात परत पोचायचं होतं.

बार्शीपर्यंत ती खिडकीशी बसून होती. शेजारच्या बाईनं विचारलं, माहेराला आला होतात का? मंजुषा हो म्हणाली. म्हणजे घरी सांगितलेलं ट्रेनिंग धरून तिचं तिसरं खोटं हे.

*

नोटीस मिळाली त्या दिवशी सकाळी बब्रुवाननं स्वतःच्या हातानं खुलासा लिहिला होता. चार ओळींचा. साहेबांनी सांगितलं म्हणून प्लग मी काढला, आणि औषध ठेवायला मला कुणीही परवानगी दिली नव्हती, असं त्यात होतं. दुपारी तो तिच्या टेबलाशी आला तेव्हा तो कागद त्याच्या खिशात होता, आणि तिथंच राहिला.